वजन किती?

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दिवस गेल्याची बातमी नवऱ्याच्या आधी जिन्याला कळते. मला उलट्या सुरू झाल्या आणि खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी तुपाचा डबा आणून ठेवला, समोरच्या बंगाली काकूंनी पपई बंद केली, साताऱ्याहून आईने शतावरी कल्प पाठवला. मी सगळ्यांना हो म्हणत होते. आत नेमकं काय चाललंय, याचा मात्र काही पत्ता नव्हता.

पहिला गोंधळ आठवड्यांचा. डॉक्टरीणबाई सहावा आठवडा म्हणाल्या. माझा हिशेब काही केल्या चाराच्या वर जाईना. मग कळलं, की मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे चाळीस आठवड्यांतल्या पहिल्या दोनांत बाळ नसतंच! आधी हसू आलं, मग धसका बसला. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून 28व्या दिवसाच्या सुमाराला मिटलेली असते. फोलिक ॲसिड मुख्यतः तिच्यासाठी, आणि ते गर्भ राहायच्या महिनाभर आधीपासून घ्यायचं असतं. मला बातमी कळली तेव्हा हे काम उरकत आलं होतं, हृदय धडधडायलाही लागलं होतं. माझ्या हातात मग राहिलं काय?

बाईंनी उत्तर दिलं नाही. शाकाहारी का, एवढं विचारलं आणि बी-12ची तपासणी लिहून दिली. आकडा कमी निघाला. महाराष्ट्राच्या आहात ना, म्हणाल्या, मग पुण्याचा अभ्यास वाचा.

दिल्लीत येऊन माझी माझ्याच मुलखाशी अशी ओळख झाली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. गंमत पुढेच आहे. आपल्या बाळांचे हातपाय काडीसारखे, पोट लहान, पण पाठीवर कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच. वरून रोड, आतून स्थूल! ही ठेवण पुढे मधुमेहाला पोषक ठरते, असं याज्ञिक सांगतात. त्या गावांतल्या दोनतृतीयांश आयांना बी-12 कमी होतं. ज्यांचं फोलेट भरपूर आणि बी-12 तुटपुंजं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. माझ्या टेबलावर फोलिक ॲसिडची बाटली तर ठेवलेलीच होती. बी-12च्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा जरा हायसं वाटलं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट मिळाली. एकूण उष्मांक पोटात किती गेले, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या वरचेवर घेत, त्यांची बाळं मोठी निघाली. मी आंटींचा तुपाचा डबा मागे सारला आणि भाजीवाल्याकडचा बथुआ, मेथी, पालक घरात येऊ लागला. नवरा कंटाळला. त्याच्या पोटात कुणी वाढत नव्हतं, त्यामुळे त्याचं मत मी धरलं नाही.

नोव्हेंबरात रिंग रोडवर धुरकट दुलई पसरली. 2019 साली बेल्जियममधल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले होते, हे मी नेमकं तेव्हाच वाचलं. खिडक्या लावल्या, सकाळचं फिरणं बंद केलं. पपईवर ठाम मत असणारा आमचा अख्खा जिना हवेबद्दल मात्र चकार शब्द काढत नव्हता. हवा कुणाच्या स्वयंपाकघरात बनत नाही ना!

मुलगी झाली. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: वजन किती? 2.6, म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता. अडीचच्या वर आहे, म्हणजे कमी वजनाची नाही, हे मीच समजावत बसायची. त्यात तिसऱ्या दिवशी काटा 2.4वर आला आणि मी रडकुंडीला आले. नर्स म्हणाली, सगळ्यांचंच उतरतं, अंगातलं जास्तीचं पाणी जातं. दोन आठवड्यांत भरून येईल. आलंही.

आता आईला लेकीला गुटगुटीत करायची घाई झाली होती. मी तिला दक्षिण दिल्लीतच 1969 ते 1972 दरम्यान जन्मलेल्या मुलांची गोष्ट ऐकवली. डॉक्टरांनी त्यांना मोठी होईपर्यंत वारंवार मोजलं. पहिल्या दोन वर्षांत बारीक असून नंतर झपाट्याने भरत गेलेल्यांत तिशीच्या आतबाहेर मधुमेह आणि त्याची पूर्वावस्था जास्त आढळली. तेव्हा बारीक आहे म्हणून पुढे कोंबायचं नाही, असं मी आईला बजावलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "दोन वर्षांनंतरचं दोन वर्षांनी बघू. आत्ता ती भुकेली आहे, तिला पदराखाली घे."