ब्लॉरेंजच्या माथ्यावर

हेलसिंकी कुठल्या देशात आहे हे कराडच्या पोराला शाळेत कळतं. खाशाबा जाधव तिथे काय करून आले, हे त्याला त्याआधीच घरात कळलेलं असतं. १९५२ चं ऑलिम्पिक, गोळेश्वरच्या पैलवानाचं कुस्तीतलं कांस्य, त्यांच्या प्रवासखर्चासाठी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे करणारे कोल्हापूरचे प्राचार्य खर्डेकर, परतल्यावर निघालेली शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. आजोबा हे सांगायला लागले की गाड्यांबरोबर बैलांच्या शिंगांचे रंगही सांगत.

त्यामुळे वेल्समध्ये भाचीकडे गेले असताना ती चहा ओतता ओतता म्हणाली, “मावशी, इथल्या एका डोंगरावर घोड्याची कबर आहे. हेलसिंकीत सोनं जिंकलेला घोडा,” तेव्हा रविवारचा बेत तिथल्या तिथे ठरला.

डोंगराचं नाव ब्लॉरेंज. उंची ५६१ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच, पण उत्तरेच्या अंगाला तो एकदम तुटतो आणि खाली अस्क नदीचं खोरं आणि ॲबरगॅव्हेनी गाव उघडं पडतं. दक्षिणेला ब्लेनॅव्हॉन. इथे १७८९ मध्ये लोखंडाची भट्टी पेटली आणि पुढची दीडदोनशे वर्षं हा सगळा मुलूख कोळसा आणि लोखंडावर जगला. आता तो जागतिक वारसा आहे. वर जाण्याआधी खाली जाऊ, असं भाचीनं ठरवलं. म्हणून आधी ‘बिग पिट’.

ही खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ पासून पाहायला खुली आहे. पाळण्यात उभं राहण्याआधी मोबाईल, घड्याळ, बॅटरी असलेलं जे जे असेल ते काढून ठेवावं लागतं, कारण खाणीतल्या वायूला एक ठिणगी पुरते. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा, कमरेला जड पट्टा. पाळणा ९० मीटर खाली उतरतो. आमचा वाटाड्या जुना खाणकामगार होता. एका वळणावर त्यानं सगळ्यांना दिवे विझवायला लावले. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसेना. त्या अंधारातच तो म्हणाला, “पुढे तबेले आहेत.”

दिवे लागले तेव्हा समोर चुन्यानं रंगवलेले विटांचे खण होते आणि खणांवर घोड्यांची नावं. कोळशाच्या गाड्या ओढणारे हे घोडे इथेच खात, इथेच झोपत. उन्हाळ्यात खाणकामगारांना सुट्टी लागली की तेवढे दिवस वर, गवतात. एका खणाच्या कठड्याचं लाकूड कुरतडून मधोमध खोलगट झालं होतं. मी त्यात बोट फिरवलं आणि दोनचार नावं मनात घोकली. फोटो काढायला मोबाईल नव्हता.

गावातून डोंगराकडे जाताना भाची म्हणाली की याच डोंगराच्या पोटातून दोन किलोमीटरहून लांब बोगदा गेलाय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून घोडे लोखंड आणि चुनखडी भरलेल्या गाड्या ओढत. घोड्यांनी चालवलेल्या रेल्वेवरचा ब्रिटनमधला सगळ्यात लांब बोगदा तोच. म्हणजे हा डोंगर घोड्यांनी आतून आधीच पाहिलेला होता.

माथ्याजवळच्या वाहनतळाला नावच ‘फॉक्सहंटर’. उतरताच वाऱ्यानं ओढणी पळवली. काळ्या मातीत जांभळट हेदर, मधूनमधून मेंढ्या, लांब कुठेतरी मोकाट चरणारी तट्टं. कबर वाटेपासून फार आत नाही. दगडांचा ढीग आणि त्यात बसवलेली पाटी. लक्ष नसेल तर माणूस पुढे निघून जाईल.

फॉक्सहंटर १९४० मध्ये नॉरफोकला जन्मला. कुमाईत रंगाचा, खांद्याशी साडेपाच फुटांवर भरणारा. १९४७ मध्ये हॅरी लेवेलिन यांनी त्याला विकत घेतलं. लेवेलिन खाणमालकाचे चिरंजीव. तरुणपणी ग्रँड नॅशनलसारख्या जीवघेण्या शर्यतीत दुसरे आलेले, युद्धात माँटगोमेरींच्या हाताखाली काम केलेले. या जोडीनं पुढे ७८ आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. किंग जॉर्ज पाचवा सुवर्णचषक फॉक्सहंटरनं तीनदा नेला, १९४८, १९५० आणि १९५३ मध्ये. लंडन ऑलिम्पिकला सांघिक कांस्यही झालं. पण त्याची गोष्ट सांगणारे थेट हेलसिंकीलाच येतात.

३ ऑगस्ट १९५२, स्पर्धांचा शेवटचा दिवस. ब्रिटनच्या खात्यात तोवर एकही सोनं नव्हतं. शो-जम्पिंगमध्ये घोडा उडी घेताना अडथळ्याचा दांडा पडला की चार दोष, घोडा अडला की वेगळे. दोष ज्याचे कमी तो वर. संघात तीन स्वार, प्रत्येकाच्या दोन फेऱ्या आणि सगळ्यांची बेरीज. नायझफेलावरचे विल्फ व्हाइट आणि अहर्लोवरचे डग्लस स्ट्युअर्ट आपापलं काम करत होते. पहिल्या फेरीत घसरला तो फॉक्सहंटरच. पावणेसतरा दोष! ज्याच्यावर भिस्त, त्यानंच दगा दिला. दुसऱ्या फेरीत तोच घोडा, तोच स्वार, आणि एकही दांडा हलला नाही. ब्रिटनची बेरीज ४०.७५, दुसऱ्या आलेल्या चिलीची ४५.७५. फॉक्सहंटरनं त्या फेरीत दोन दांडे पाडले असते तरी सोनं चिलीला गेलं असतं. त्या ऑलिम्पिकमधलं ब्रिटनचं ते एकमेव सुवर्ण. त्याच गावात अकरा दिवस आधी खाशाबांनी कांस्य घेतलं होतं. आजोबांच्या गोष्टीत हा घोडा कधी आला नाही. इथल्या आजोबांच्या गोष्टीत खाशाबा तरी कुठून येणार?

फॉक्सहंटर १९५९ मध्ये गेला. त्याचा सांगाडा लंडनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला आणि कातडं इथे पुरलं. म्हणजे या दगडांखाली घोडा आहे तो एवढाच. १९९९ मध्ये लेवेलिन वारले, तेव्हा त्यांची राख याच ठिकाणी विखुरली. बापाच्या घरची मिळकत जमिनीखालची, घोड्यांनी अंधारातून ओढून आणलेली. मुलाच्या नावाची मिळकत जमिनीपासून चार-पाच फूट वर, पुन्हा घोड्याचीच. हे मनात आलं, पण भाचीपाशी बोलले नाही. ती दगडावर बसून थर्मासचं झाकण उघडत होती आणि वारा कपातला चहा उडवत होता.

उतरताना मी खाणीत घोकलेली नावं आठवायला लागले. गाडीपाशी येईपर्यंत दोन उरली होती. न्यूपोर्टच्या अलीकडे भाचीनं विचारलं, “कुठली गं ती नावं?” तेव्हा एकही सांगता येईना.