कोवळ्या ज्वारीतलं विष

मुलांनो, ज्वारी विषारी असते असं सांगितलं तर तुम्ही हसाल. रोज भाकरी खाता ना! पण दाण्यात नाही बरं का, कोवळ्या पानांत. मग ती खरिपाची असो की आपल्या खानदेशातली दादर.

धुळे-जळगावकडे पेरणीनंतर दोन पाऊस पडतात आणि मग आभाळ दडी मारतं. गुडघ्याएवढी ज्वारी सुकायला लागते. विष तेव्हाच जास्त असतं, आणि घरचा चाराही तेव्हाच संपलेला. अशाच उघडिपीत माझ्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. त्यांची गाभण गाय दावं तोडून ज्वारीत शिरली. थोड्याच वेळात धापा टाकत, थरथरत आडवी झाली. तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या घरात वह्या-पुस्तकं दुधाच्या पैशांतून यायची.

हे घडतं कसं? पानात धुरीन नावाचा पदार्थ असतो आणि त्याला फोडणारं विकर वेगळ्या कप्प्यात. गाय पान चावते, कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते नि हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. झाडानं ही सोय किडींसाठी केलेली. गायीशी त्याचं काय वैर!

मग कमी विषाचं झाडच का निवडू नये? अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९५० साली 'पायपर' हे सुदान गवत असंच निवडून काढलं. हे गवत ज्वारीची बहीणच. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तर धुरीन अजिबात न करणारी ज्वारी शोधल्याचं जाहीर केलं. मात्र ती रोपं सुरुवातीला जरा सावकाश वाढतात. ढाल काढून घेतली की काहीतरी मोजावं लागतंच.

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे रुचिरा, फुले अमृता असे चाऱ्याचे वाण आहेत. पण वाण कोणताही पेरा, फुलोऱ्यापर्यंत थांबाच. कापणीनंतरचे कोवळे फुटवेही तितकेच वाईट. नीट वाळवलेल्या कडब्यात विष बरंच कमी होतं. बाजरीत ते नसतंच.

आणि पालकांनो, जनावर धापा टाकू लागलं तर ताक-गूळ पाजत बसू नका. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं, तेही लगेच. डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर मुलांकडूनच खडूनं लिहून घ्या.