पाण्यावर जायचे कपडे

मुलांनो, तुमचे कोणी नातेवाईक अकोल्याला राहत असतील तर त्यांना एकदा सांगून पाहा, की मी थंडीच्या कपड्यांवरचा लेख वाचतोय आणि तो वऱ्हाडातल्या एका बाईंनी लिहिलाय. ते नक्की हसतील! मे महिन्यात आमच्या अकोल्याचा पारा ४५ च्या वर चढतो. तेव्हा कूलरपुढची जागा कोणाची, यावरून भावंडांत भांडणे होतात. पण डिसेंबर-जानेवारीतली पहाट आमच्याकडे मुक्कामाला येऊन पाहा. पारा दहाच्या खाली उतरतो. त्या थंडीला आम्ही 'हिव' म्हणतो. आणि हिव नुसते पडत नाही बरे का, ते 'वाजते'!

माहेर माझे अकोला, पण नोकरी अमरावती जिल्ह्यात. मोर्शी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. जवळच सिंभोऱ्याला वर्धा नदीवरचे अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे सुंदर नाव दिलेले आहे. अमरावती शहर हेच पाणी पिते. पावसाळ्यात धरणाचे तेरा दरवाजे उघडले की ते पाहायला गाड्या भरभरून माणसे येतात. हिवाळ्यात मात्र तिथे पहाटे कोणी फिरकत नाही. असतात ते फक्त मासे धरणारे लोक.

त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे नाव नसते. असते ती ट्रकच्या चाकातली हवा भरलेली ट्यूब. तिच्यावर फळी किंवा दोऱ्यांची विण बांधायची, वर बसायचे, पाय पाण्यात सोडायचे आणि हातांनी पाणी मागे सारत निघायचे. संध्याकाळी लावलेले जाळे पहाटे काढायचे. रोहू, कटला, नशीब असेल तर झिंगे. दोन-अडीच तास कमरेपर्यंत ओले.

हे सगळे मला ठाऊक होते का? खरे सांगायचे तर नव्हते. ते मला वर्गातल्या एका मुलीमुळे कळले. शनिवारी आमची शाळा सकाळी भरते आणि हिवाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी ती गैरहजर. एरवी हुशार, पाढे तोंडपाठ. एक दिवस जवळ बसवून विचारले तर म्हणाली, "बाई, मी शनवारी बाबासंगं पाण्यावर जाते."

"काहून गं?"

"बाबाचे हात लाकडावानी होतात. जाळ्याची गाठ सुटत नाही त्यायले. मी सोडून देते."

काठावर शेकोटी पेटवून ती वाट पाहत बसायची. कधीकधी बाबांबरोबर ट्यूबवरही जायची. मी हजेरीपटावर लाल शाईने 'गै' लिहीत होते, त्या वेळी तिकडे हे चालले होते.

त्याच आठवड्यात वर्गातल्या टीव्हीवर मुलांना थंड देशांची माहिती दाखवत होते. आजूबाजूला बर्फाचे डोंगर, मध्ये निळे पाणी, त्यात एक निमुळती, एका माणसापुरती नाव. तिला कयाक म्हणतात. नावेतला माणूस गळ टाकून मजेत मासे धरत होता. अंगात पायापासून गळ्यापर्यंत एकसंध लाल कपडा. वर्ग बर्फ पाहत होता. माझी विद्यार्थिनी कपडा पाहत होती.

"बाई, तो लाल कपडा केवढ्याचा येते?"

मी म्हटले, "बघून सांगते." मुलांनो, मोठ्या माणसांनी 'बघून सांगते' म्हटले की पुष्कळदा ते काही बघत नाहीत. मी बघायचे ठरवले.

त्या कपड्याला ड्राय सूट म्हणतात. कापड पाणी न शिरणारे. मनगटाला आणि गळ्याला पातळ रबराच्या घट्ट पट्ट्या, पायाला जोडलेलेच मोजे आणि पाणी न शिरणारी एक लांब चेन. यात गंमत अशी, की हा सूट स्वतः ऊब देत नाही! तो फक्त कोरडे ठेवतो. ऊब आत घातलेल्या लोकरी कपड्यांची. पाणी आपल्या अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. समुद्राचे पाणी ५ अंशांचे असेल आणि माणूस त्यात पडला, तर दहा-पंधरा मिनिटांत त्याची बोटे कामातून जातात. दोरीसुद्धा धरवत नाही. म्हणून तिकडे हा कपडा म्हणजे हौस नव्हे.

आणि ही युक्ती कुठल्या कारखान्यात निघालेली नाही. कयाक मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सील प्राण्याचे कातडे. त्यांच्या बायका सीलच्या कातड्याचे आणि आतड्याचे अंगरखे पाणी आत जाणार नाही अशी बारीक टीप घालून शिवत. अंगरख्याचा घेर कयाकच्या तोंडाला बांधला की माणूस आणि नाव एकच! बाजारात विकत मिळत नव्हते, म्हणून घरात शिवले.

आता किंमत. चांगला ड्राय सूट साधारण एका मोटरसायकलच्या किमतीला पडतो. स्वस्तातलेही असतात, पण माझ्या विद्यार्थिनीच्या बाबांना तेही परवडणारे नव्हते. तुमच्यापैकी कोणाचा काका-मामा कॅनडात, नॉर्वेत असेल आणि त्याला असा सूट घ्यायचा असेल, तर एवढे कळवा: पैसे वाचवायचे तर वापरलेला सूट घ्या, पण आधी चेन तपासा. रबराच्या पट्ट्या उन्हाने चिरतात, त्या बदलता येतात. चेन बदलणे मात्र महागात जाते. गळ्याशी जाड फोमसारख्या रबराची पट्टी असेल तर ती जास्त टिकते. चार थेंब आत येतील एवढेच.

आमचे काय? इथे माझ्या डोक्यात एक 'हुशार' कल्पना आली. दिवाळीत माहेरी गेले तेव्हा अकोल्याच्या बाजारातून जाड प्लास्टिकचा पावसाळी सूट आणला, पॅन्ट आणि कोट. सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापली आणि मनगटांना, घोट्यांना बसवली. (गळ्याला नाही! गळ्याभोवती रबर कधीही, गमतीतही बांधायचे नाही.) बाही घालून हात बादलीत बुडवला तर पाणी हळूहळू झिरपले. थोडे तर आले, चालेल, असे म्हणून मी तो सूट घेऊन काठावर गेले.

तिच्या बाबांनी तो घातला, माझा मान ठेवायला म्हणून. काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि तिथे खाली बसून पाहिले. कोटाखालून पाणी आत शिरले आणि पॅन्टचे दोन पाय टम्म भरले. पाण्यात असेपर्यंत त्यांना काहीच जड वाटले नाही, कारण पाण्यात पाण्याचे वजन जाणवत नाही. पण बाहेर यायला पाय उचलला तर उचलेना! घोट्याच्या कड्यांनी पाणी आत कोंडून धरलेले. दोघांनी हात देऊन ओढून काढले. ते हसून म्हणाले, "चला बाई, आज घरचं पाणी भराचं काम झालं!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. हेच खोल पाण्यात, ट्यूबवर चढताना झाले असते तर? तेही माझ्या हाताने दिलेल्या कपड्यात.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले. त्यांनाच विचारले, "तुम्हाला हिव कधी वाजते?"

"पानी तं कोमट लागते, बाई. भायेर निंगलो अन् वारा आला का मंग खरं हिव."

बघा! मी बर्फातल्या माणसाचा कपडा शोधत होते आणि आमचे पाणी बर्फाचे नव्हतेच. मोठा जलाशय हवेइतका लवकर गार होत नाही, म्हणून थंडीच्या पहाटे त्याचे पाणी हवेपेक्षा गरम लागते. तासन्‌तास बसले तर तेही ऊब काढतेच. पण खरा घाव बसतो तो ओल्या कपड्यांत वाऱ्याला लागल्यावर. माठातले पाणी का गार होते, ते तुम्ही शिकला आहात. ओल्या सुती बनियनमधला माणूस म्हणजे चालता-बोलता माठच! अंग थंड पडू लागले की शरीर हातापायांकडचे रक्त कमी करून आतली ऊब राखते, म्हणून बोटे आधी लाकडावानी होतात.

आम्ही वर्गात प्रयोगही केला. तीन सारखे स्टीलचे पेले, तिन्हींत सारखेच गरम पाणी. एकाला कोरडे सुती कापड, एकाला ओले सुती, एकाला स्वेटरचा ओला करून पिळलेला तुकडा. तिन्ही खिडकीत वाऱ्याला ठेवले. ओल्या सुती कापडातला पेला सगळ्यांत आधी गार झाला. तुम्ही घरी करणार असाल तर गरम पाणी आई-बाबांकडून ओतून घ्या.

यावरून खरेदी ठरली, आणि ती किती साधी! दर हिवाळ्यात आमच्या शहरांत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागतात, तिथला एक अंगासरशी बसणारा स्वेटर. तो शुद्ध लोकरीचा नव्हता, कृत्रिम धाग्याचा होता. पण तो धागा सुतासारखे पाणी पीत नाही, आणि स्वस्त असतो. वरून वारा अडवायला त्या पावसाळी सुटाचा फक्त कोट, कडी काढून. पॅन्ट मी कापून दप्तरांची झाकणे केली. शिवाय कानटोपी, आणि काठावर प्लास्टिकच्या डब्यात कपड्यांचा एक कोरडा जोड. बाहेर आल्याबरोबर आधी ओले काढायचे, मग शेकोटी.

पण मुलांनो, हे सगळे दुसऱ्या नंबरचे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीवर, वरूड तालुक्यातल्या झुंज येथे नाव उलटून ११ जण गेले. तो काही हिवाळा नव्हता. आणि हे तर ड्राय सूट घालणारेसुद्धा जाणतात. ते सुटावर तरंगते जॅकेट घालतातच. मला आधी कपडा सुचला, जॅकेट सुचले नाही, याची अजून लाज वाटते.

जॅकेट घेताना काय पाहायचे ते आता मला पाठ झाले आहे. त्यावर न्यूटनचा आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोचा आधार; ज्याला पोहता येते आणि काठ जवळ आहे त्याच्यासाठी. १०० किंवा जास्त असेल तर ते तोंड पाण्याच्या वर ठेवायला मदत करते. आत थर्मोकोलचे तुकडे नकोत, ते मोडतात, फोम हवा. कोणत्या वजनाच्या माणसासाठी आहे, तेही लिहिलेले असावे. घातल्यावर दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढायचे. ते कानापर्यंत आले तर ते तुमच्या मापाचे नाही.

"जाळं अडकते त्याच्यात," तिचे बाबा म्हणाले. खरे होते. मग लोंबते पट्टे नसलेले आणि काखेत मोकळे, कयाकवाले घालतात तसे, १०० न्यूटनचे शोधले. जवळपासच्या दुकानांत नव्हते, फोनवरून मागवले. १४०० रुपये. फुकट घ्यायला ते तयार होईनात. दर महिन्याला १०० रुपये मुलीच्या हाती पाठवतो म्हणाले, आणि तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब आखला.

जॅकेट आले त्या रविवारी मी काठावर गेले. पहाटेच्या धुक्यातून ट्यूब आली. बाबांच्या अंगात स्वेटर, वर कोट, डोक्याला कानटोपी. पण जॅकेट? ते पुढे बसलेल्या मुलीच्या अंगात! त्यांनी स्वतःचे काढून तिला घातले होते. ती खाली उतरली, तेव्हा मी खांद्यापाशी धरून ते वर ओढले. ते सरळ तिच्या कानांवर गेले आणि आत नुसते डोळे दिसू लागले.

"बाबाले म्हटलं होतं मी," ती आतून म्हणाली, "हे तुमच्या मापाचं हाये म्हणून."

मी बाबांना सांगितले की तिला पाण्यावर नेऊ नका, काठावर बसू दे. ते मान हलवत गाठ सोडत बसले. बोटे चालत होती, पण हळू. ती न सांगता त्यांच्याजवळ जाऊन बसली.

सोमवारी शाळेच्या काट्यावर तिला उभे केले. चोवीस किलो. तेवढ्या वजनाचे जॅकेट मागवले आहे, आणि वहीच्या मागच्या पानावर तिने हिशेबाची दुसरी रांग आखली आहे.