जयनगरातला न खाता येणारा केक

बंगळूरला गेलात, तर एक सकाळ जयनगरसाठी राखून ठेवा. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर जयनगर स्थानक आहे. तिथून रिक्षाने चौथ्या ब्लॉकच्या बाजारात जा. १९४८ मध्ये पायाभरणी झालेल्या या वसाहतीत अजूनही झाडांची सावली आहे, फुलांच्या माळा आहेत आणि बेकरीतून येणारा गरम पावाचा वासही आहे.

माझी मावसबहीण इथेच राहते. डिसेंबरात तिच्याकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर तीन मजली पांढराशुभ्र केक! मी कौतुकाने हात लावायला गेले, तशी ती हसली. “अगं, थर्माकोल आहे तो!”

या थर्माकोलच्या गोलाला केकवाले ‘डमी’ म्हणतात. त्यावर फॉन्डंट, म्हणजे पिठीसाखरेची मळलेली लवचीक कणीक, पांघरायचा सराव करतात. बहिणीला सराव हवाच होता. लेकीच्या वाढदिवसाला तिने केलेल्या केकचा फॉन्डंट कडेला फाटला. वर तो फ्रीजमधून काढल्यावर घामेजला आणि रंग ओघळले. लेक काही बोलली नाही, पण बहिणीच्या मनाला ते लागलं. आता सासूबाईंची पंच्याहत्तरी होती. त्यांचा वाढदिवस आजवर कधी साजराच झाला नव्हता.

तुम्हालाही शिकायचं असेल, तर तिची पद्धत सांगते. डमी ६ इंच रुंद आणि ४ इंच उंच असेल, तर रुंदीत दोन्ही बाजूंची उंची मिळवा. झाले १४ इंच. त्यात २ इंच जास्त धरून १६ इंचांची पोळी लाटा. जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर ठेवा. खाली कॉर्नफ्लोअर भुरभुरा, पण बेताने. जास्त झालं की फॉन्डंट कोरडा पडून चिरतो. डमीची धारदार कड आधी सँडपेपरने घासून घ्या, नाहीतर फॉन्डंट तिथेच फाटेल. मग पाण्याचा हलका हात फिरवून पोळी पांघरा. वरून खाली, तळव्याने हळूहळू बसवा. चुन्या ओढू नका, उघडून सरळ करा. चुकलं तर सोलून पुन्हा करा. लोणी, मैदा काहीच वाया जात नाही. वाळलेली साखर ओल्या फडक्याने भिजवून काढली, की तोच डमी पुन्हा कामाला येतो.

संध्याकाळी आम्ही शहरातलं केक प्रदर्शन पाहायला गेलो. १९७० च्या दशकापासून नाताळच्या सुमारास भरणारं हे प्रदर्शन बंगळूरकरांच्या घरोघरी ठाऊक आहे. साखरेच्या उंच प्रतिकृतींसमोर मुलं तोंड उघडी टाकून उभी होती. बहीण मात्र खाली वाकून कडा कशा जोडल्यात तेच पाहत होती.

खरं तर साखरेची कला या भागाला नवी नाही. संक्रांतीला इथे ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटतात, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. सोबत ‘सक्करे अच्चु’, साच्यात पाक ओतून केलेल्या साखरेच्या चित्रकृती. आपले हलव्याचे दागिने आणि पाडव्याची गाठी आठवली ना? शेजारच्या आजी दरवर्षी अच्चु देतात, बहीण त्यांना तिळगूळ देते.

पंच्याहत्तरीच्या आदल्या रात्री तिने खरा केक केला. थंड केलेल्या केकवर आधी गनाशचा गुळगुळीत थर, मग फॉन्डंट. मागच्या बाजूला एक चुनी राहिलीच. ती बाजू तिने भिंतीकडे केली. या वेळी फॉन्डंट लावल्यावर केक फ्रीजमध्ये ठेवला नाही, थंड खोलीत झाकून ठेवला.

सकाळी सासूबाई केकभोवती फिरल्या. त्यांना चुनी दिसली. “पोळीला अशी चुनी माझ्याही हातून पडायची गं,” म्हणाल्या आणि नेमका तिथलाच तुकडा मागितला.

तुम्ही सराव सुरू केलात, तर पहिला डमी फेकू नका. दहाव्या डमीशेजारी ठेवून पाहा.