झटका मशीन कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही

मंडळी, आपण हौसेनं घेतलेल्या वस्तूंचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लग्नात आलेला ज्युसर सज्ज्यावर जातो आणि व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळतात. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांत गेल्या काही वर्षांत एक असं यंत्र आलंय, की धान निसवायला लागला की कापणी होईपर्यंत त्याला एका रात्रीचीही सुट्टी नसते. झटका मशीन.

नागपूर-पुण्याच्या मित्रांना हे नाव सांगितलं की ते आधी हसतात. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी पेटी, एक १२ व्होल्टची बॅटरी, वर छोटी सोलर प्लेट, आणि बांधीच्या धुऱ्यावर खुंट्या ठोकून ओढलेली तार. रात्री शांततेत त्याची टक्... टक्... ऐकू येते. सकाळी बरेच जण पेटी काढून घरी आणतात, कारण डुकरापेक्षा चोराची भीती जास्त. आमच्याकडं ती छपरीत, दुधाच्या कॅनशेजारी ठेवलेली असते. शेती मोठा भाऊ बघतो. धान किती वाचला असं मी दादाला विचारलं, तर त्याचं उत्तर, "मले रातची झोप भेटते, अजून का पायजे?"

ज्यांनी जागल केली आहे त्यांना हे लगेच समजेल. धानात दूध भरलं की रानडुकरं येतात, ती पुंजणे घरी येईपर्यंत. दीड-दोन महिने घरातला एक माणूस मचाणावर. रिकामा पिपा बडवायचा, टॉर्च मारायचा, फटाके फोडायचे. नोव्हेंबरची थंडी, खाली साप-विंचू. लहानपणी मी बाबांसोबत काही रात्री काढल्या आहेत. मला ती मजा वाटायची, कारण सकाळी मी शाळेत पेंगत होतो आणि बाबा कापणीला उभे राहत होते. या कष्टाचा हिशेब कोणत्याही पीक-खर्चाच्या तक्त्यात मी आजवर पाहिलेला नाही.

आता हे मशीन करतं काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बॅटरीची वीज आत साठते आणि साधारण सेकंदाला एकदा तारेत सोडली जाते. व्होल्टेज हजारोंमध्ये असतं, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. म्हणून जनावराला सणसणीत चटका बसतो आणि ते मागं सरतं. तार त्याला धरून ठेवत नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये सुटायला वेळ मिळतो. घरच्या लाइनची २३० व्होल्टची वीज सलग वाहते. तिनं हाताचे स्नायू आखडतात आणि माणसाला तार सोडताच येत नाही. चांगल्या मशीनमध्ये एका ठोक्याची ताकदही मर्यादित असते. आंतरराष्ट्रीय मानकात ही मर्यादा ५ ज्यूल आहे.

न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकात बिल गॅलघर नावाच्या शेतकऱ्याचा घोडा त्याच्या मोटारीला अंग घासायचा. त्याला पळवण्यासाठी त्यानं मोटारीलाच झटक्याची सोय केली आणि पुढं त्यातूनच विजेच्या कुंपणाचा कारखाना उभा राहिला. म्हणजे मूळ कल्पना जनावराला हटकण्याची, मारण्याची नाही.

वापरणाऱ्यांनी आपापल्या युक्त्या शोधल्या आहेत. खालची तार जमिनीपासून फूटभराच्या आत हवी, कारण डुक्कर नाक पुढं करून येतं आणि ओल्या नाकालाच झटका बसतो. पाठीचे राठ केस टेकले तर ते बिनधास्त आत. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून धुरा साफ ठेवावा लागतो. आणि अर्थिंग! पाण्यानं भरलेल्या बांधीत मशीन जोरात चालतं. कापणीआधी पाणी काढलं की जमीन सुकते, झटका मंदावतो, आणि नेमकी तेव्हाच डुकरं जास्त. मग अर्थिंगच्या सळईपाशी रोज बादलीभर पाणी. (हत्तीपुढं यातलं काही चालत नाही. २०२२ मध्ये कळप अर्जुनी मोरगावकडं आला तेव्हा ते आपण पाहिलं.)

अडचण अशी की आपल्या बोलीत झटका मशीनलाही 'करंट' म्हणतात आणि खांबावर आकडा टाकून धुऱ्यावर सोडलेल्या उघड्या तारेलाही 'करंट'च. एक यंत्र आहे, दुसरा सापळा. दुसऱ्याच्या बातम्या मी इतक्या लिहिल्या आहेत की मजकूर तोंडपाठ झालाय. 'डुकरांपासून पिकाच्या रक्षणासाठी सोडलेल्या विद्युत प्रवाहाच्या स्पर्शाने' एवढं लिहून पुढं फक्त गाव आणि वय बदलायचं. कधी पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारी, कधी ज्यानं तार लावली तोच. मरणाऱ्याचं घर उघडं पडतं आणि लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, म्हणजे दोन घरं जातात.

वाघांचंही तेच. नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला आपला 'जय' २०१६ मध्ये दिसेनासा झाला, त्याचं काय झालं ते अजून वादात आहे. पण त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात शेतातल्या अशाच तारेनं मेला आणि पुरला गेला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. त्या सोडताना मोठा कार्यक्रम झाला, चांगलं झालं. मात्र वाघ फक्त जंगलात राहत नाहीत, रात्री त्यांची वाट आपल्या धुऱ्यांवरूनच जाते.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून मिळते. योजना बरी आहे. ज्यांना मिळालं ते खूश आहेत.

पण अर्जाला सातबारा लागतो. आपल्या जिल्ह्यात दुसऱ्याची बांधी ठेक्यानं किंवा अर्धेलीनं करणारे किती आहेत ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. करार तोंडी, कागद नाही. धान त्याचा, कर्ज त्याचं, सातबारा मालकाचा, आणि मालक बऱ्याचदा शहरात. ज्याचं शेत नाही तो अनुदानासाठी अर्ज कुठून करणार? त्याच्या चारही बाजूंच्या शेतांना मशीन लागलं, की डुकरं मेलेली नसतात, फक्त सरकलेली असतात. ती सगळी त्याच्या बांधीत उतरतात. जागल करायला घरात दुसरा माणूस नाही, एक दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही. आकड्याला मात्र फुकटची तार आणि दहा मिनिटं लागतात. तरीही तो गुन्हाच आहे, यात मला शंका नाही. तरी प्रत्येक अपघातानंतर होणाऱ्या 'जनजागृती'च्या कार्यक्रमात या माणसाला धोका समजावून सांगतात, तेव्हा मला हसू येतं. विजेचा धोका त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्याला हवी आहे ती पेटी.

माझ्या मते हे फार अवघड नाही. ठेकेदार शेतकऱ्याला मालकाच्या संमतीपत्रावर किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर अनुदान द्या. किंवा वन व्यवस्थापन समितीनं पाच-दहा मशीन स्वतःकडं ठेवावीत आणि हंगामापुरती भाड्यानं द्यावीत. मशीन काही जमिनीत पुरलेलं नसतं, रोज सकाळी हातात घेऊन घरीच येतं.

दुकानात मिळणाऱ्या पेट्यांबद्दलही एक. 'आमचं मशीन सगळ्यात जोरदार' असं सांगून बिनशिक्क्याचा माल विकला जातो. जोर किती, हे पेटीवर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. बॅटरी चार्जिंगला लावताना तार आधी काढा. आणि तारेवर पाटी लावा, डब्याच्या झाकणावर रंगानं लिहिली तरी चालेल. शाळेची पोरं धुऱ्यावरूनच जातात.

सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, तिरोडा, जंगलाला लागून असलेल्या कुठल्याही गावातून हे वाचत असाल तर एवढं कळवा: तुमच्या गावात ठेक्यानं धान करणारे अंदाजे किती, आणि त्यांतल्या किती जणांकडं मशीन आहे. इनबॉक्समध्ये पाठवा. कोणाचंही नाव छापणार नाही. आकडे जमले की यादी घेऊन वनविभागाच्या कार्यालयात जाणार आहे, कापणीच्या आत.