तेराव्या अध्यायाच्या पुढे

आमचं घर हैदराबादच्या नारायणगुड्यात, ख्रिस्ती दफनभूमीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेत असल्यापासून तिच्या भिंतीच्या कडेने जाणं-येणं, त्यामुळे क्रूस, थडगी, फुलांनी झाकलेली शवपेटी यांचं कधी काही वाटलं नाही. भीती शिरली ती व्हिडिओ कॅसेटमधून.

रेड्डी कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे ‘द ओमेन’ पाहिला. रिचर्ड डॉनरचा १९७६चा सिनेमा. रोममधल्या रुग्णालयात आपलं बाळ गेल्याचं कळल्यावर अमेरिकी मुत्सद्दी, म्हणजे ग्रेगरी पेक, बायकोच्या नकळत दुसरंच तान्हं मूल घरी आणतो. तोच डेमियन. जगाच्या अंताआधी येणारा ख्रिस्तविरोधी. गंमत अशी की या सिनेमात भूत कुठेच दिसत नाही. वादळात चर्चवरून निखळलेला दांडा पाद्र्याच्या अंगातून आरपार जातो, घसरत आलेली काच छायाचित्रकाराचं मुंडकं उडवते. प्रत्येक मरण अपघात म्हणून खपून जाईल असं. पण वर जेरी गोल्डस्मिथचं लॅटिन समूहगान चाललेलं असतं आणि ते अपघात मानू देत नाही. गोल्डस्मिथला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं, ते या संगीताला.

मला गाठलं ते दफनभूमीच्या प्रसंगाने. इटलीतल्या एका जुन्या दफनभूमीत डेमियनच्या आईचं थडगं उघडतात, तर आत कोल्ह्यासारख्या जनावराचा सांगाडा. आणि मग चहूबाजूंनी काळी कुत्री. त्या रात्री आमच्या गल्लीतली कुत्री नेहमीसारखीच भुंकली असतील, पण मला झोप लागली नाही. पुढे कितीतरी दिवस मी भिंतीची वाट सोडून वळसा घालून कॉलेजला जात होते.

शेजारच्या टीचर आंटींच्या ते लक्षात आलं. तेलुगू बाप्टिस्ट, निवृत्त शिक्षिका. कारण ऐकून त्या हसल्या नाहीत. आपल्या हैदराबादी हिंदीत एवढंच म्हणाल्या, “पूरी किताब पढे क्या तुम?”

मराठी बायबल त्यांनीच कुठूनसं मिळवून दिलं. शेवटचं पुस्तक, ‘प्रकटीकरण’. एकूण २२ अध्याय. ‘श्वापदा’चा ६६६ हा आकडा तेराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द मात्र या पुस्तकात एकदाही नाही, तो योहानाच्या पत्रांत येतो. सिनेमातला पाद्री घोगऱ्या आवाजात जे भाकीत म्हणतो, ते तर बायबलमध्येच नाही, पटकथेसाठी रचलेलं आहे. पुढे वाचनात आलं की बऱ्याच अभ्यासकांच्या मते ६६६ म्हणजे हिब्रू अक्षरांच्या हिशेबाने रोमचा सम्राट नीरो. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे. रोमच्या सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या लोकांसाठी हे लिहिलं गेलं. सम्राटाला श्वापद म्हणायचं तर ते आकड्यात लपवूनच म्हणावं लागणार. म्हणजे ज्याच्यामुळे मी घाबरले होते, तो मजकूर मुळात घाबरलेल्या माणसांना धीर देणारा होता.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आंटी मला सोबत घेऊन गेल्या. दफनभूमीत जत्रेसारखी गर्दी. कुणी थडग्याला चुना मारतंय, कुणी झेंडूच्या माळा घालतंय, पोरं वाऱ्यात विझलेल्या मेणबत्त्या पुन्हा पेटवताहेत. आंटींनी यजमानांचं थडगं धुतलं, पुसलं, आणि चष्मा लावून एकविसावा अध्याय वाचला. जिथे मरण नाही, रडणं नाही, अशा नव्या नगरीचा. आवाजात शोक नव्हता. बसच्या वेळा वाचाव्यात तितक्या खात्रीने वाचत होत्या.

‘ओमेन’ मी त्यानंतरही पाहिला आहे. भीतिपट म्हणून तो अजूनही अव्वल वाटतो आणि ते समूहगान ऐकून अजूनही अंगावर काटा येतो. शेवटी डेमियन कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि पडदा काळा होतो. जगाच्या अंताचे सिनेमे बहुतेक असेच, भीती शिगेला पोचली की संपणारे. त्यांचं तेराव्या अध्यायावर भागतं. आंटींचं माणूस मात्र नारायणगुड्यात पुरलेलं होतं, त्यांना पुढची पानं वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.