मायेचें वजन

मुलाला खाऊं घालणें हीच आमच्या घरांतली मायेची भाषा. आलेल्या पोराच्या हातावर कांहींतरी गोड ठेवल्यावांचून त्याला परत पाठवूं नये, हा कुळाचार आम्हीं आजवर निष्ठेनें पाळला. आणि त्याच कुळाचारानें आम्हांला एकदां अपराधी केलें.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा आज सात वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात तें त्याला जन्मापासून आहे, आणि त्याच्या जोडीला अपस्मारहि. दोन औषधें झालीं, तिसरें झालें, तरी झटके थांबेनात. तेव्हां मेंदूच्या डॉक्टरांनीं कीटोजेनिक आहार सुचविला. आम्ही मनांतून हंसलों. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत उभा जन्म गेलेल्या मनुष्याला पथ्य म्हणजे आजीबाईचा बटवा वाटावा, यांत नवल नाहीं. परंतु वाचूं लागलों तेव्हां हंसूं मावळलें.

उपवासानें झटके थांबतात, ही समजूत फार जुनी. पण मूल किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनीं तोड काढली. पिष्टमय पदार्थ व साखर जवळजवळ बंद करून मुलाला स्निग्ध अन्नावर ठेवावें. मग यकृत त्यापासून कीटोन तयार करतें, मेंदूला तेंच इंधन मिळतें, आणि पोट भरलेलें असूनहि शरीर उपवासांत राहतें. १९३८ सालीं फेनिटॉइन आलें आणि हें अवघड पथ्य मागें पडलें. परंतु २००८ सालीं लंडनमधील डॉक्टरांनीं १४५ मुलांवर त्याची रीतसर परीक्षा पाहून निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांनीं पथ्यावरील मुलांपैकीं शेंकडा ३८ जणांचे झटके निम्म्याहून खालीं आले होते. पथ्य न दिलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ६ होतें. हा चमत्कार नव्हे; पण ज्यांना औषधें लागू पडत नाहींत त्यांच्या आईबापांना हें थोडेंथोडकें नाहीं.

बंधूंच्या स्वयंपाकघरांत मग तराजू आला. चार भाग स्निग्धांश, तर प्रथिनें व पिष्ट मिळून एक भाग! तूप, साय, पनीर, अंडें, सारें ग्रॅमवर मोजलेलें. रक्ताच्या तपासण्या, मूतखड्याची धास्ती, वाढीची नोंद, हें सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. नवल असें कीं, रोज तेंच ताट, तीच वाटी, हें मुलाला मानवलें. ज्या एकसुरीपणाचा आम्हांला कंटाळा येतो, त्यांत त्याला आधार सांपडला. दोन महिने झटका आला नाहीं.

मग गणेशचतुर्थी आली. पूर्वीचा त्याचा आवडता मोदक तो टक लावून पाहत उभा होता. आम्हांला राहवलें नाहीं. आम्हीं अर्धा मोदक त्याच्या हातीं दिला. सायंकाळीं लघवी तपासण्याच्या पट्टीवरचा गडद रंग फिका पडला, आणि पहांटे झटका आला. तो त्या मोदकानेंच आला, असें शपथेवर कोणी सांगणार नाहीं. आम्हीहि विचारलें नाहीं. मुलाची आई एवढेंच म्हणाली, “दादा, मी त्याला नको म्हणतें, तेव्हां तो मोदक मलाहि द्यावासा वाटत असतो.”

या वाक्यानें आमचें शिक्षण झालें. गहूं व दूध बंद केलें कीं स्वमग्नता जाते, असें सांगणारे हितचिंतक अजून येतात; त्याला भरंवशाचा पुरावा नाहीं, आणि मोजकेंच खाणाऱ्या मुलाचें उगाच आणखी कांहीं तोडलें तर पोषण मात्र घटतें. पथ्यानें त्याचे झटके कमी झाले. तो स्वतः बदलला नाहीं; आजहि चमचे ओळीनें मांडतो, आणि ओळ मोडली तर रडतो. तो निराळा व्हावा, ही हांव आतां आम्हींच सोडली आहे.

यंदा चतुर्थीला भावजयीनें खोबऱ्याचा कीस व लोणी तोलून, साखरेवांचून, लहान गोळे केले होते. एक आमच्या हातावर ठेवून म्हणाली, “हा तुम्ही द्या.” त्यानें तो आमच्याकडे न पाहतां घेतला आणि पुरता खाल्ला.